शिलाई मशीन नको, फेरफार हवा



घरधन्याने आत्महत्या केली की तेराव्याच्या आत गाड्या येतात. कुणी लुगडे देतो, कुणी शिलाई मशीन. फोटो निघतो, गाड्या परततात. आम्हीही अशा गाड्यांतून फिरलो आहोत. हेतू चांगलाच होता. पण वर्षाने त्याच घरी गेलो तर सातबारावर अजून मेलेल्या नवऱ्याचेच नाव, आणि बाईला पीककर्ज मिळत नाही.

आम्ही शेतकी शिकलेली माणसे. कपाशीला मर लागली तर पाने पाहून भागत नाही, झाड उपटून मूळ पाहावे लागते. समाजकार्याचेही तसेच आहे.

2006 च्या शासन निर्णयाने अशा कुटुंबाला 1 लाख रुपये ठरले. 30 हजार हाती, 70 हजार ठेवीत. पण 'पात्र' ठरायला कर्ज बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे लागते. ज्याने मक्त्याने जमीन केली आणि बिनपरवाना सावकाराकडून पैसे उचलले, तो कागदावर ना शेतकरी, ना कर्जबाजारी. त्याच्या मरणावर 'अपात्र' असा शिक्का बसतो.

कुणी म्हणेल, घरात दाणा नसताना कायदा काय खायचा? खरे आहे. आधी ज्वारीचे पोते पोचवा. पण तिथेच थांबू नका. 10 डिसेंबर 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या 25 व्या कलमात वैधव्यात सुरक्षितता मिळणे हा हक्क म्हटला आहे. हक्क असेल तर बाईने हात का जोडायचे?

म्हणून कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने विधवा ही मुलामुलींच्या बरोबरीची वारस आहे. वारसाची वर्दी तीन महिन्यांत तलाठ्याकडे द्या आणि लेखी पोच घ्या. ती देणे जमीन महसूल कायद्याने त्याच्यावर बंधनकारक आहे. प्रकरण अपात्र झाले तर कारणांसह निर्णयाची नक्कल मागा. मिळाली नाही तर 2005 च्या माहिती अधिकाराखाली अर्ज टाका. 30 दिवसांत उत्तर द्यावे लागते. अर्जावर सही तिची, कचेरीत बोलणार ती; आपण शेजारी उभे राहायचे. आणि तिला विचारल्याशिवाय फोटो काढायचा नाही.

मक्तेदार शेतकऱ्यालाही पात्र धरा, ही मागणी सरकारपुढे मांडायचीच आहे. पण फेरफाराला सरकारच्या नव्या निर्णयाची वाट पाहावी लागत नाही. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने अशा घरांची यादी करावी : कुणाचा फेरफार झाला, कुणाचा अडला, कुठे अडला. यादी बैठकीपुरतीच ठेवू, नावे छापणार नाही.

लुगडे दोन वर्षांत विरते. सातबारावर चढलेले नाव लेकरांच्या कामी येते.