सातबारा एक अन् चुली सात

कापसाची पहिली वेचणी झाली. सप्टेंबरच्या पावसात खालची बोंडं सडली ती सडलीच, वरच्या बोंडांवर आता भिस्त. मका सोंगून गंजी लावली, अद्रकीला मातीची भर दिली. पिकाचं एवढंच. आजची नोंद घराची आहे, अन् जरा लांबणार आहे.

आमच्या पोरांना सध्या मोबाईलवर एका अमेरिकन शेतकरी कुटुंबाचे व्हिडिओ बघायचं वेड लागलंय. मॉर्मन पंथाचं कुटुंब. गाई, कोंबड्या, मोठं स्वयंपाकघर अन् एका ताटाभोवती बसावीत तशी लेकरंच लेकरं. कोणतं पोरगं केवढं झालं, कोण शिकायला गेलं, कुणाचं लग्न झालं, हे आमच्या पोरांना तोंडपाठ. मी म्हणलं, बाबांनो, आपल्या स्वतःच्या घरातली माणसं किती अन् कोण कुठं हे सांगता येईल का? नाही सांगता आलं. म्हणून आधी आपलीच खबरबात लिहितो. फुलंब्री तालुक्यातल्या कोणत्याही मोठ्या घराची अशीच निघेल.

आजोबांची जमीन ४० एकर. चार मुलं, म्हणजे आमचे वडील अन् तीन चुलते. १९८५ च्या सुमारास आमच्या वाड्यात ३२ माणसं एका चुलीवर जेवत होती. दोन सालगडी वेगळे. दळण रोज, भाकरी दोन वेळा थापायच्या, अन् बायकांच्या पंगतीला कालवण उरलंच तर उरलं. हेही लिहिलं पाहिजे. एकत्र कुटुंबाचं कौतुक सांगणारे बहुतेक आधी जेवून उठलेले असतात.

आज त्या ३२ चे नव्वदच्या आसपास झालेत. थोरल्या चुलत्याचा एक मुलगा वाळूजच्या कंपनीतून रिटायर झाला, दुसरा मास्तर होता, तो जालन्यात स्थायिक. तिसरा गावातच, माझ्या बांधाला बांध. मधल्या चुलत्याच्या मुलांनी रस्त्याकडची जमीन विकून शहरात प्लॉट घेतले. एकाचं दुकान चाललं, एकाचं बसलं. धाकट्या चुलत्याचा नातू पुण्यात कॉम्प्युटरवर आहे, त्याला आपली विहीर कोणत्या गटात आहे ते ठाऊक नाही. आम्ही दोघं भाऊ, तिघी बहिणी. भाऊ कंपनीत, मी शेतात. एक बहीण पैठणकडं दिलीय, तिच्याकडं मोसंबी. दोघी कन्नड तालुक्यात.

अन् एक चुलत बहीण वैजापूर तालुक्यात. तिचं पुढं सांगतो, कारण ही सगळी नोंद तिच्यामुळंच लिहायला घेतली.

लोक म्हणतात, मोठी घरं बायकांच्या भांडणानं फुटली. माझं मत वेगळं आहे. मोठी घरं जमिनीच्या हिशोबानं फुटली. सोलापूरच्या एका घरात ७२ माणसं एकत्र राहतात, ते बीबीसीनं दाखवलं तेव्हा सगळ्यांनी पाहिलं असंल. त्यांचा धंदा व्यापाराचा. एक दुकान पुरलं नाही तर दुसरं काढता येतं. शेताचं तसं नाही. माणसं वाढली म्हणून बांध सरकत नाही, सरकलाच तर भावाच्या वावरात सरकतो. कृषिगणनेचे आकडे बघा. महाराष्ट्रात १९७०-७१ ला एका खातेदाराकडं सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती, २०१५-१६ ला राहिली १.३४ हेक्टर. म्हणजे साडेदहा एकरावरून सव्वातीन एकरावर. आमचंच बघा ना. ४० एकराचे चार वाटे दहा-दहाचे, अन् आमच्या दहाचे पाच वाटे दोन-दोन एकराचे.

पाच वाटे म्हणलं की काही मंडळींच्या भुवया वर जातात. दोघंच भाऊ आहेत ना? आहेत. पण बहिणी तीन आहेत. १९९४ ला महाराष्ट्रानं अन् २००५ ला अख्ख्या देशानं कायदा बदलून मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाएवढाच वाटा दिला. २०२० ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की हा हक्क जन्मानंच आहे, २००५ ला बाप जिवंत होता का नव्हता त्याचा संबंध नाही. तरी आपल्याकडं काय चालतं? बहिणीला भाऊबीजेला बोलवायचं, साडी नेसवायची अन् जाताना हक्कसोडपत्रावर सही घ्यायची. ती माहेर तुटंल म्हणून सही करते, अन् आपण म्हणतो तिनं राजीखुशीनं सोडलं.

आमच्या घरी कागद आधी वाचून दाखवला, सहा महिने मध्ये जाऊ दिले, मग विचारलं. दोघींनी वाटा सोडला. पैठणच्या बहिणीनं ठेवला. तिची दोन एकर मीच बटईनं करतो, निम्मा खर्च तिचा, निम्मा माल तिचा. भावाचा वाटाही तसाच. कागदावर आम्ही तीन खातेदार, पण वावर सलग दहा एकर, विहीर एक, मोटर एक. अद्रक जाधववाडीच्या मार्केटला जाते ती एकाच गाडीत. बहीण दिवाळीला येते तशीच येते, फक्त आता हिशोबाची वही मागून घेते अन् चष्मा लावून वाचते. तिचा तो हक्कच आहे.

पूर्वी याच्या उलटं होतं. जमिनीच्या कमाल मर्यादेचा कायदा १९६१ चा, १९७५ ला मर्यादा आणखी खाली आली, कोरडवाहूला ५४ एकर. तेव्हा मोठ्या घरांनी धडाधड कागदोपत्री वाटण्या दाखवल्या. सातबारे आठ, चूल एक. आता गावोगाव सातबारा एक अन् चुली सात. आजोबा मरून वीस वर्षं झाली, वावरं तोंडी वाटून घेतली, बांध घातले, बोअर घेतले, अन् कागदावर अजून आजोबाच शेती करताहेत.

आता वैजापूरच्या बहिणीचं. तिचे सासरे वारले, जमीन त्यांच्याच नावावर राहिली. चार भाऊ, एकी चांगली, कागद कशाला करायचा म्हणाले. मग तिचा नवरा अचानक गेला. पदरात दोन लेकरं. दीर वाईट आहेत असंही नाही, घरात दाणे देतात. पण तिचं नाव कुठंच नाही. पीएम किसानचे वर्षाचे सहा हजार तिला नाहीत, कारण नावावर जमीन नाही. पीककर्ज नाही. शेतकरी ओळख क्रमांक निघत नाही. सप्टेंबरात मराठवाडाभर अतिवृष्टी झाली, तिच्याही वाट्याचा कापूस पाण्यात गेला, पण मदत येते ती खातेदाराच्या खात्यावर, अन् सामाईक खात्याला सगळ्यांची संमती लागते. नवऱ्याच्या हिश्श्याच्या वावरात ती सरकी टोचते, खुरपते, वेचते, अन् कागदानं बघितलं तर ती तिथं मजूर आहे. दिरांना विचारलं तर म्हणतात, आपण काय परके हाय का, बघू पुढं. हे ‘बघू पुढं’ सहा वर्षं चाललंय.

म्हणून माझं मत असं, की वाटणीची भीती बाळगू नका. एकी टिकवायची म्हणून कागद थांबवला तर त्यात सगळ्यात दुबळं माणूस मरतं. विधवा भावजय, नांदत नसलेली बहीण, अपंग भाऊ, ज्याला बाहेर नोकरी नाही तो. धट्टाकट्टा भाऊ बिनकागदाचाही कसून खातो. कागद हा दुबळ्याचा भाऊ आहे.

काय करायचं ते आता सोपं झालंय. घरात कुणी वारलं तर तीन महिन्यांत तलाठ्याकडं, म्हणजे आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, त्यांच्याकडं वारस नोंदीचा अर्ज द्यायचा. राहून गेलं असंल तरी देता येतो, ऑनलाईनही होतो. २०२५ मध्ये सरकारनं ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढली ती याचसाठी, मेलेल्यांची नावं कमी करून वारसांची लावायला. वारस लागले की सगळ्यांच्या संमतीनं जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली तहसीलदाराकडं वाटणी होते. नोंदणी करून वाटणीपत्र करायचं असंल तर शेतजमिनीच्या वाटणीपत्राची नोंदणी फी २०२५ च्या मे महिन्यात माफ केलीय. पूर्वी किमतीच्या एक टक्का, ३० हजारापर्यंत लागायची. तुकडेबंदी कायदा तेवढा विचारून घ्या, फार बारीक तुकडा पडत नाही. विहिरीचा हिस्सा, पाणीपाळी अन् वावरात जायची वाट कागदात लिहाच. भावकीतली निम्मी भांडणं मी तरी वाटेवरूनच बघितली.

अन् वाटणी झाली की चूल वेगळी, बोलणं वेगळं, असं करू नका. दोन-दोन एकराला वेगळा ट्रॅक्टर घेऊन कुणाचं भलं झालं? फवारणीचा पंप, रोटाव्हेटर, ड्रीपची टाकी हे एकत्रच परवडतं. मजूर टोळी दहा एकराला येते, दोन एकराला येत नाही. वाटा वेगळा, कसणं एकत्र, हे जमतं. आमचं जमलंय.

त्या मॉर्मन लोकांचं मी थोडं विचारून घेतलं. १८४७ ला ते युटा भागात पोचले तेव्हा तो आपल्यासारखाच कोरडा मुलुख. ओढ्याचं पाणी पाटानं वळवून, ते वाटून घेऊन त्यांनी शेती उभी केली. आज तिथलीही बहुतेक माणसं शहरात राहतात, म्हणजे मोठ्या घरातली सगळी लेकरं शेतावर मावत नाहीत हे तिथंही खरं. त्यांचा धर्म त्यांच्यापाशी. पण त्यांची एक रीत मला पटली. सोमवारची संध्याकाळ ते घरासाठी राखून ठेवतात. लहानथोर एकत्र बसतात.

आपल्याकडं अमावस्येला औत धरत नाहीत. तोच दिवस धरा. महिन्यातून एकदा भाऊ, भावजया, बहिणींना फोन लावून, वही उघडून बसा. बियाणं किती, खत किती, मजुरी किती, माल किती गेला, पट्टी काय आली. भावजयांना चहा करायला पाठवू नका, वहीसमोर बसवा. पुण्यातल्या नातवालाही व्हिडिओवर घ्या, विहीर कोणत्या गटात आहे ते त्याला कळू द्या. घर किती मोठं यापेक्षा घरात कुणापासून काय लपवलंय का, यावर ते टिकतं, असं माझं तीस वर्षांचं बघणं आहे.

वैजापूरला मी अन् चुलत भाऊ पुढच्या आठवड्यात जातोय. भांडायला नाही. वारस नोंदीचा अर्ज, मृत्यूचे दाखले अन् आठ-अ पिशवीत घेऊन. दिरांनी सह्या केल्या तर तिथंच जेवू. नाही केल्या तर बहिणीच्या नावानं अर्ज तहसीलला देऊ, कारण अर्ज द्यायला कुणाची परवानगी लागत नाही.

तुमच्या सातबाऱ्यावर कुणाचं नाव आहे ते आज काढून बघा. आजोबाचं निघालं तर रब्बीची पेरणी दोन दिवस मागं पडली तरी चालंल, आधी तेवढं करून या.