सवलतींची निवड आणि सुरक्षिततेचा पाया

केंद्र सरकारच्या कार्यालयांतून एक साधी सोय वर्षानुवर्षे बिनबोभाट चालू आहे. सर्वांना लागू असणाऱ्या सुट्ट्यांखेरीज ऐच्छिक सुट्ट्यांची एक यादी दर वर्षी प्रसिद्ध होते आणि तिच्यातील कोणत्याही दोन सुट्ट्या कर्मचाऱ्याला आपल्या मर्जीप्रमाणे घेता येतात. तिजोरीवर तिचा भार पडत नाही आणि एकाच्या निवडीने दुसऱ्याचे नुकसान होत नाही. नोकरवर्ग एकजिनसी नसतो, तेव्हा त्याला एकाच मापाचा अंगरखा शिवून चालत नाही, हे तत्त्व या सोयीने केव्हाच मान्य केले आहे. प्रश्न आहे तो हेच तत्त्व निवृत्तिवेतन आणि आरोग्य यांसारख्या मोठ्या बाबींना कितपत लावता येईल, हा.

सेवाशर्तींचे जुने नियम एका ठरावीक कुटुंबाकडे पाहून घडले होते. मिळवता पुरुष, घर सांभाळणारी पत्नी, शिकणारी मुले आणि विशी-पंचविशीत धरून निवृत्तीपर्यंत न सुटणारी नोकरी, असे ते चित्र होते. ते आता पुरते पालटले आहे. नियमांनीही त्याची दखल घेतली. 1961 च्या प्रसूतिलाभ कायद्यातील 12 आठवड्यांची रजा 2017 च्या दुरुस्तीने 26 आठवड्यांची झाली. सहाव्या वेतन आयोगानंतर, 2008 साली, केंद्रीय महिला कर्मचाऱ्यांना 730 दिवसांची बालसंगोपन रजा मिळाली आणि 2018 मध्ये ती एकल पित्यांनाही लागू झाली. केंद्रीय आरोग्य योजनेत महिला कर्मचाऱ्याला आपले आईवडील किंवा सासूसासरे यांपैकी कोणाला अवलंबित म्हणून दाखवायचे याची निवड करता येते. या सुधारणा स्वागतार्ह आहेत, यात शंका नाही.

परंतु निवडीचा विचार येथेच थांबत नाही. अमेरिकेने 1978 च्या महसूल कायद्याने ज्या योजनांना मान्यता दिली, त्यांना तेथे उपाहारगृहाचेच नाव मिळाले. खाणावळीत ताट ठरलेले असते. उपाहारगृहात ज्याला जे रुचेल ते त्याने मागवावे. मालकाने सवलतींची रक्कम ठरवावी आणि विमा, रजा, बचत यांत ती कशी वाटायची हे नोकराने ठरवावे, ही त्यामागची कल्पना. ती आकर्षक आहे. मात्र अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला तिच्यातील एक धोका चटकन दिसावा. विमा म्हणजे जोखमीची वाटणी. निरोगी तरुणाने विम्याऐवजी रोख भत्ता पत्करला, की मागे उरतात ते वयस्क आणि आजारी. त्यांचा हप्ता वाढतो आणि वाढलेल्या हप्त्याने आणखी काही जण बाहेर पडतात. माहितीच्या विषमतेमुळे बाजार कसा खचत जातो, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 मध्ये दाखवून दिले होते. ऐच्छिक सुट्टीच्या बाबतीत असे होत नाही. विम्याच्या बाबतीत हमखास होते.

दुसरा धोका निवड करणाऱ्याच्या माथी येतो. केंद्राने 1 जानेवारी 2004 पासून आणि महाराष्ट्राने 1 नोव्हेंबर 2005 पासून नव्या कर्मचाऱ्यांसाठी जुने हमीचे निवृत्तिवेतन बंद केले. मार्च 2023 मध्ये राज्यातील कर्मचारी आणि शिक्षक आठवडाभर संपावर गेले, ते ती हमी परत मिळावी म्हणून. पुढे 1 एप्रिल 2025 पासून केंद्राने एकीकृत निवृत्तिवेतन योजनेचा विकल्प दिला. 25 वर्षे सेवा झाल्यास अखेरच्या 12 महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन, तर किमान 10 वर्षे सेवा झाल्यास दरमहा निदान 10,000 रुपये, अशी तिची हमी आहे. विकल्प देण्याची मुदत जूनवरून सप्टेंबर आणि सप्टेंबरवरून नोव्हेंबर 2025 पर्यंत, अशी दोनदा वाढवावी लागली. ज्या कारकुनाने कधी शेअर बाजाराचे तोंड पाहिले नाही, त्याने पुढील तीस वर्षांच्या महागाईचा, व्याजदराचा आणि स्वतःच्या आयुर्मर्यादेचा अंदाज बांधून विकल्पपत्रावर सही करावी, ही अपेक्षा निवडीच्या नावाखाली जोखीम सरकवण्याचीच ठरते.

शिवाय विविधतेची भाषा बोलणाऱ्या योजनेतही कुटुंबाची कल्पना अरुंदच राहू शकते. या योजनेत निवृत्त कर्मचाऱ्याच्या मृत्यूनंतर 60 टक्के निवृत्तिवेतनाची हमी आहे, पण ती पती वा पत्नीपुरती. अविवाहित कर्मचाऱ्याच्या वृद्ध आईला, अथवा विधवा शिक्षिकेच्या अपंग मुलाला तिचा आधार नाही. जुन्या योजनेतील कुटुंब निवृत्तिवेतन अशा मुलापर्यंत पोहोचत होते. म्हणजे जेथे भिन्नतेची खरी बूज राखायला हवी, तेथेच माप पूर्वीपेक्षा तोकडे झाले.

आणि ज्यांच्यापुढे विकल्पपत्र येतच नाही, त्यांचे काय? एकाच महाविद्यालयात, एकाच वर्गाला शिकवणाऱ्या दोन अध्यापकांपैकी एक कायम असतो आणि दुसरा तासिका तत्त्वावर. दुसऱ्याला मोबदला मिळतो तो घेतलेल्या तासांचा. मेच्या सुट्टीत तास नाहीत, म्हणून मोबदलाही नाही. नोकरवर्गातील सर्वांत खोल दरी वय, धर्म वा लिंग यांची नसून कायम आणि कंत्राटी यांच्यामधील आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने मुदतबंद नोकराला एका वर्षाच्या सेवेनंतर उपदानाचा हक्क दिला, हे पाऊल योग्य दिशेचे आहे. पण ते पहिलेच पाऊल आहे.

तेव्हा सवलतींची रचना दोन मजली असावी. तळमजल्यावर निवृत्तिवेतनाची किमान हमी, आजारपणातील उपचार आणि प्रसूतिलाभ. हे सर्वांना समान, सक्तीचे आणि जोखीम वाटून घेणारे असावे. कंत्राटी नोकरही त्यात यावा. बालसंगोपन, वृद्धांची शुश्रूषा, जादा रजा, शिक्षण, वाढीव बचत यांची निवड वरच्या मजल्यावर खुशाल असू द्यावी. ती ठराविक वर्षांनी बदलता यावी आणि प्रत्येक विकल्पाचा आकडेवारीसह तुलनात्मक तक्ता मराठीत हाती दिल्याशिवाय कोणाची सही घेऊ नये. पाया भक्कम असेल तर निवड हे स्वातंत्र्य ठरते. पाया काढून घेऊन दिलेली निवड ही जबाबदारी झटकण्याची केवळ सभ्य तऱ्हा होय.