आढावा लिहिणाऱ्या तरुणाचा सन्मान का नको?

सत्कारांना आपल्याकडे तोटा नाही. निवडून आलेल्याचा सत्कार होतो, पडलेल्याचाही होतो. देणगी देणाऱ्याच्या गळ्यात हार पडतो, आणि ती देण्याचे नुसते आश्वासन देणाऱ्यालाही शाल मिळते. परंतु सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासात नुकतेच पाऊल टाकलेल्या एखाद्या तरुणाने वा तरुणीने वर्ष-दीड वर्ष खपून, एका प्रश्नावर आजवर झालेले सारे संशोधन गोळा केले, पारखले आणि त्याचा साधार आढावा लिहिला, तर त्याच्या पदरी काय पडते? "यात तुझे स्वतःचे ते काय? दुसऱ्यांनी शोधले, तू फक्त जुळवलेस!" हा शेरा. या शेऱ्याला आमचा कडवा विरोध आहे. कारण त्याची किंमत शेरा मारणारे विद्वान मोजत नाहीत. ती ऊसतोडणीला जाणाऱ्या आमच्या आयाबहिणी मोजतात.

बीड जिल्ह्याकडे पाहा. दसरा-दिवाळी उरकली की आष्टी, पाटोदा, शिरूर, केज, धारूर, वडवणी या तालुक्यांतील गावे ओस पडू लागतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची, एक दिवस काम चुकले तर खाडा भरायचा, कोपीत राहायचे, पाण्याची सोय नाही, आडोसा नाही, आणि डोक्यावर उसाची मोळी. या माणसांत बौद्ध आहेत, मातंग आहेत, वंजारी आणि बंजाराही आहेत. अशा जीवनात स्त्रीला पांढरे पाणी, अंगावरून जाणे, ओटीपोटाचे दुखणे जडले, तर तिला उपचार हवा असतो. तिला मिळाले काय? पिशवी काढण्याचा सल्ला! अनेकींना कर्करोगाची भीती घालण्यात आली, असे त्यांनीच सांगितले आहे.

२०१९ साली या गोष्टीला वाचा फुटली. त्या वर्षीच्या जून महिन्यात, बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशये काढली गेल्याची माहिती शासनाने विधिमंडळात दिली. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, आणि त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे शेकडा सुमारे सतरा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१५-१६ साली, १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत, साऱ्या देशाचे हे प्रमाण शेकडा ३.२ होते.

आता येथेच आमच्या विषयाचे मर्म आहे. त्याआधी २०१८ साली सुमारे दोनशे स्त्रियांच्या एका छोट्या पाहणीत हेच प्रमाण शेकडा ३६ निघाले होते. एक आकडा ३६, दुसरा १७, तिसरा ३.२. ज्यांना हा विषय मिटवायचा असतो त्यांना याहून सोयीचे काय असणार? "तुमचे आकडेच जुळत नाहीत, मग तुमची तक्रार खरी कशी?" असे म्हणून ते मोकळे होतात. आणि आपल्यातला उत्साही कार्यकर्ता काय करतो? तो सर्वांत मोठा आकडा उचलतो आणि सभेत फेकतो. दुसऱ्या दिवशी विरोधक तो खोडून काढतात, आणि आकड्याबरोबर त्या बाईचे दुःखही खोटे ठरते!

या दोघांनाही उत्तर देणारा माणूस एकच, तो म्हणजे आढावाकार. तो विचारतो : दोनशे स्त्रिया निवडल्या कशा? ज्यांना त्रास होता त्याच पुढे आल्या काय? ब्याऐंशी हजारांच्या पाहणीत प्रश्न कोणी विचारले? वयोगट सारखे होते काय? शस्त्रक्रिया कोणत्या वयात झाली, खाजगी रुग्णालयात की सरकारी, औषधोपचार आधी झाला होता की नाही? "बायकाच मागे लागतात" हे डॉक्टरांचे म्हणणे आणि "आम्हांला घाबरवले" हे बायकांचे म्हणणे, दोन्ही तो पुराव्याच्या तराजूत घालतो. असे पारखून झाल्यावर जे उरते ते खोडून काढण्याची कोणाची प्राज्ञा नसते. याला जुळवाजुळव म्हणणे म्हणजे न्यायाधीशाला कारकून म्हणण्यासारखे आहे. साक्षी दुसऱ्यांच्या असतात हे खरे. निवाडा मात्र त्याचा असतो.

हे काम किती मोलाचे आहे याचा दाखला जगाने पाहिला आहे. दिवस भरण्यापूर्वी प्रसूत होऊ घातलेल्या मातेला स्टेरॉइडचे स्वस्त औषध दिल्यास बाळाच्या फुप्फुसांना बळ येते, असे न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ साली दाखविले. पुढे आणखी प्रयोग झाले. परंतु त्या सर्वांचा पद्धतशीर आढावा १९८९ पर्यंत प्रसिद्ध झाला नाही, आणि बहुसंख्य प्रसूतितज्ज्ञांना त्या औषधाची शक्ती उमगली नाही. या विलंबात हजारो बालके बहुधा विनाकारण दगावली. पुरावा होता, पण तो विखुरलेला होता. वैद्यकाने आपल्या प्रयोगांचा चिकित्सक गोषवारा ठेवलेला नाही, अशी खंत ब्रिटनचे डॉ. आर्ची कॉक्रेन यांनी १९७९ साली व्यक्त केली होती. त्यांच्याच नावाने १९९३ साली आढावे लिहिणारी जागतिक संस्था उभी राहिली. त्या संस्थेने तर विकसनशील देशांतील आढावाकारांसाठी केनेथ वॉरन यांच्या नावाचे पारितोषिकच ठेवले. परक्यांना जे कळले ते आम्हांला का कळू नये?

आणि आम्हांला तर ते परक्यांकडून शिकण्याचेही कारण नाही. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात, पंचवीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने भारतातील जातींवर निबंध वाचला. त्या विद्यार्थ्याचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. त्या निबंधासाठी त्यांनी गावोगाव फिरून नवी मोजदाद केली नव्हती. सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि आपले डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी केलेल्या जातीच्या व्याख्या त्यांनी समोर घेतल्या, एकेक तपासली, प्रत्येकीत काय आहे आणि काय सुटले आहे ते दाखविले. जातीला एकाकी वस्तू मानण्याची चूक इतरांची, ती केतकरांनी टाळली, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. पण केतकरांनी सांगितलेली दोन लक्षणे, म्हणजे बेटीबंदी आणि जन्माने मिळणारे सभासदत्व, ही वस्तुतः एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, हेही त्यांनी दाखवून दिले. आणि जातीचे सार आपापसांतील विवाहाच्या बंधनात आहे, हा निष्कर्ष काढला. पुढील वर्षी तो निबंध 'इंडियन अँटिक्वरी'त छापला गेला. त्या दिवशी कोणी म्हणाले असते, "यात तुझे स्वतःचे ते काय?", तर ते म्हणणाराच हास्यास्पद ठरला असता. दुसऱ्यांच्या पुराव्यातून दुसऱ्यांना न दिसलेले सत्य काढणे, हा वारसा आमच्या घरचा आहे.

कोणी म्हणेल, बाईला डॉक्टर हवा, निबंध घेऊन ती काय करील? आमचे उत्तर असे की, डॉक्टरच्या हातातील सुरी कोठे थांबावी हे निबंधच ठरवितो. ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेवर निकाल देताना, अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने केलेली मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत अमलात आणण्यास सर्व राज्यांना सांगितले. न्यायालयापुढे आक्रोश चालत नाही, कागद चालतो. तो कागद आमच्या बाजूने कोण लिहिणार?

दुसरा कोणी म्हणेल, खरे संशोधन गावात होते, टेबलावर नव्हे. गावातील संशोधनाचा आम्हांला आदरच आहे. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन खेड्यांतील ६५० स्त्रिया तपासल्या, तेव्हा शेकडा ९२ जणींना स्त्रीरोग असल्याचे १९८९ साली जगाला कळले. पण असे शंभर अभ्यास शंभर ठिकाणी पडून राहिले आणि ते एकत्र वाचणारा कोणी नसला, तर पेरणी झाली, काढणीला माणूस नाही, अशी गत होते.

मात्र आढावा म्हणून पुढे आलेल्या प्रत्येक कागदाला हार घाला, असे आम्ही म्हणत नाही. सोयीचे घ्यायचे आणि गैरसोयीचे लपवायचे, हाही आढाव्याचाच वेष घेऊन येणारा लबाडीचा धंदा आहे. म्हणून सन्मानाला कसोटी हवी. प्रश्न आणि पद्धत आधी जाहीर केलेली असावी. कोणते अभ्यास घेतले आणि कोणते वगळले, याची निवड दोघांनी स्वतंत्रपणे केलेली असावी आणि कारण लिहिलेले असावे. पैसा कोणाचा ते सांगितलेले असावे. आपल्या मताविरुद्ध गेलेला पुरावाही मांडलेला असावा. ज्याने खरे कष्ट केले त्या तरुणाचे नाव पहिले असावे. मोठ्या नावांच्या सावलीत ते झाकले जाऊ नये. आणि अखेरची अट आमची : त्याचा गोषवारा अशा मराठीत असावा की तो वस्तीवर वाचून दाखविला तर कोयता धरणाऱ्या बाईला कळावा.

या कसोटीला उतरणाऱ्या पहिल्या आढाव्याचा विषय बीडचा असावा, असे आम्हांला वाटते. अंबेजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. छत्रपती संभाजीनगरला बाबासाहेबांच्या नावाचे विद्यापीठ आहे. पुण्याला संशोधनासाठी अधिछात्रवृत्ती देणारी बार्टी आहे. त्यांनी दरवर्षी एका नवोदित आढावाकाराचा गौरव करावा. त्यांनी नाही केला तर आपण करावा. एका जयंतीच्या मिरवणुकीत ध्वनिवर्धकांवर जो खर्च होतो, त्याच्या थोड्या अंशात एका मुलीची वर्षभराची पुस्तके, प्रवास आणि खोलीभाडे भागते.

वाचकहो, आपल्या घरात आरोग्यशास्त्र शिकणारा मुलगा वा मुलगी असेल, तर "नोकरी कधी?" या प्रश्नाबरोबर "काय वाचतोस, काय पारखतोस?" हाही प्रश्न त्याला विचारा. सुरीपुढे बोलता न आलेल्या तेरा हजारांहून अधिक स्त्रियांची साक्ष कागदांत पडून आहे. ती एकत्र करून निवाडा लिहिणाऱ्याला दोन शब्द शाबासकीचे देण्याइतकेही आपण दरिद्री आहोत काय?