समानधर्म्यांची सभा

उन्हाळ्याच्या सुटीत आठ-दहा लिहिणाऱ्यांनी एखाद्या थंड हवेच्या ठिकाणी किंवा कोणाच्या तरी गावच्या वाड्यात एकत्र यावे आणि दोन-तीन दिवस एकमेकांना आपले नवे लेखन वाचून दाखवावे, ही प्रथा मराठीत चांगली रुजली आहे. मोठ्या संमेलनांच्या गजबजाटाला विटलेल्यांना अशी बैठक म्हणजे साहित्यव्यवहाराचे निर्मळ रूप वाटते. तेथे ना मांडव, ना मंत्री, ना ठराव. परंतु लहान असणे हाच एक गुण आहे, ही समजूत तपासून पाहण्याची वेळ आली आहे.

वस्तुतः आजच्या संमेलनांचा उगमही एका उन्हाळी सभेतच आहे. महादेव गोविंद रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने मे 1878 मध्ये पुण्यात ग्रंथकारांची पहिली सभा भरली. दुसरी भरली मे 1885 मध्ये, तीही पुण्यातच. या दुसऱ्या सभेचे निमंत्रण जोतीराव फुले यांनी नाकारले. त्यांचे पत्र त्याच वर्षी जूनमध्ये 'ज्ञानोदया'त छापले गेले. सभा लहान की मोठी, हा त्यातला प्रश्नच नव्हता. ज्यांचे मानवी हक्क मान्य नाहीत आणि ज्यांनी काय सोसले हे जमलेल्यांना ठाऊक नाही, त्यांच्याशी ग्रंथकारांनी कोणत्या आधारावर एकी करायची, असा त्या पत्राचा रोख होता.

हा नकार म्हणजे एका मानी माणसाचा रुसवा होता, असे म्हणून सुटका होणार नाही. 1883 मध्ये पुऱ्या झालेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथातील भाग फुले यांनी पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोकांसमोर वाचले होते. म्हणजे वाचनाची बैठक त्यांनाही हवीच होती. फरक होता तो श्रोत्यांत. ज्याच्या कर्जाविषयी आणि कष्टांविषयी लिहायचे, त्याच्या कानांवर ते लेखन घालायचे, ही त्यांची कसोटी होती. पुण्याच्या सभेत ती कसोटी लावणारा कोणीच नव्हता.

पुढे 1923 मध्ये पुण्यातच रविकिरण मंडळ स्थापन झाले. चहाच्या निमित्ताने जमावे आणि कविता वाचाव्यात, असा त्याचा शिरस्ता. मंडळाने मराठी कवितेला मोठा श्रोतृवर्ग मिळवून दिला, हे श्रेय निर्विवाद आहे. तथापि तत्कालीन कवितेच्या ठरीव लकबींवर बोट ठेवण्यासाठी मंडळाबाहेरच्या अत्र्यांची 'झेंडूची फुले' (1925) यावी लागली. चहाच्या पेल्यावर जे कोणी कोणाला म्हणू शकले नाही, ते विडंबनाने म्हटले.

समविचारी माणसांचा मेळ हवा, असे सांगताना भवभूतीच्या समानधर्म्याचा दाखला हमखास दिला जातो. पण भवभूतीला अभिप्रेत असलेला समानधर्मा शेजारच्या सतरंजीवर बसलेला मित्र नव्हे. अनंत काळात आणि विपुल पृथ्वीवर कधीतरी, कोठेतरी जन्माला येणारा तो अनोळखी वाचक आहे. त्याला ओळखीच्या आठ जणांत शोधणे म्हणजे त्या अपेक्षेचेच खुजेपण करणे होय.

यावर एक उत्तर ठरलेले असते. नवख्या लेखकाला आसरा हवा, कठोर शब्दांनी तो कोमेजतो. हे खरेच आहे. भाताचा तरवाही आधी राखलेल्या वाफ्यातच वाढवतात. परंतु वेळेवर त्याची लावणी झाली नाही, तर वाफ्यात दाटी होऊन रोप पोसतच नाही. आसरा हा काही मुदतीपुरताच हितकर असतो. कायमचा झाला की तो कोंडवाडा होतो.

दारे उघडली नाहीत, तर बाहेरचे लोक आपली सभा वेगळी भरवतात. 2 मार्च 1958 रोजी दादरला भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाने ते दाखवून दिले, आणि मराठी साहित्याचा पुढचा इतिहास त्या संमेलनाचा मोठा ऋणी आहे.

म्हणून उन्हाळी बैठकी बंद कराव्यात असे नव्हे. त्या भराव्यात, लहानच असाव्यात. मात्र जेथे लेखनात शेतमजूर, मोलकरीण किंवा गिरणी कामगार येतो, तेथे श्रोत्यांतही त्यांच्यापैकी कोणी असावे, आणि वाचन संपताच पहिला शब्द त्याचा असावा. एवढेही ज्या बैठकीला जड वाटेल, तिने स्वतःला मित्रमंडळ म्हणावे. साहित्याचे नाव घेऊ नये.