दोष ठोकळ्यांचा नाही

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. पारोळा तालुक्यातील एक कुटुंब अडीच वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्या जळगावच्या दवाखान्यात आले. धुळ्याहून दिवाळीसाठी आलेली आजी सोबत होती आणि बोलण्याचे काम तिनेच आपल्याकडे घेतले होते. "डॉक्टरसाहेब, पोऱ्याले खोकला से, रातभर झोप नही." त्या दिवसांत दवाखान्यातील दर दुसरे मूल खोकतच असते. फटाक्यांचा धूर, पहाटेची थंडी, घरात आणून टाकलेला कापूस. छातीत थोडी घरघर होती, नाडी ठीक होती. मी औषध लिहून दिले.

पाच-सहा दिवसांनी मंडळी पुन्हा आली. आता बारीक ताप होता. मी प्रतिजैविक सुरू केले, मशीनने वाफ दिली. तिसऱ्या खेपेला शाळेला सुटी होती म्हणून दहा वर्षांचा थोरला भाऊही आला होता. मी धाकट्याच्या पाठीला नळी लावलेली असताना तो मध्येच म्हणाला, "डॉक्टरकाका, माझ्या मोटारीचा एक दिवा भाऊबीजेपासून सापडत नाही."

वडिलांनी त्याला गप्प केले. भाऊ आजारी आणि याला मोटारीचे पडले आहे, असे त्यांचे म्हणणे. परंतु आई एकदम थांबली. भाऊबीजेच्या दुपारी धाकट्याला जोराचा ठसका लागला होता, डोळ्यांतून पाणी आले होते, चेहरा लाल झाला होता. घरातल्यांनी पाठीवरून हात फिरवला, केळ्याचा घास भरवला, थोड्या वेळाने मूल खेळायला लागले. मग कोणी त्याचा विचार केला नाही. आणि पहिल्या दोन्ही खेपांना मी तो प्रश्नच विचारला नव्हता.

मी पुन्हा नीट तपासले. उजव्या बाजूला खालच्या भागात श्वासाचा आवाज डावीपेक्षा कमी येत होता. एक्स-रे काढला, तर त्यात काहीच नाही. त्यात नवल नव्हते, कारण बहुतेक प्लॅस्टिक एक्स-रेमध्ये दिसत नाही. त्याच दिवशी त्यांना मोठ्या शहरात पाठवले. तिथे भूल देऊन, श्वासनलिकेत दुर्बीण घालून हरभऱ्याएवढा एक पारदर्शक तुकडा काढला. भाऊबीजेपासून तो एकोणिसावा दिवस होता. मूल तिसऱ्या दिवशी घरी परतले आणि आता ठणठणीत आहे.

ती मोटार म्हणजे स्पोर्ट्स कार. पुण्याच्या मामाने दिवाळीला आणलेली, एकमेकांत बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांची, चारशेच्या वर तुकड्यांची. खोक्यावर कुठल्या कारखान्याचे नाव नव्हते आणि ISI ची खूणही नव्हती. मुलगा बरा झाल्यावर वडिलांनी सगळे तुकडे पोत्यात भरले आणि मला म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तुमच्या सदरात लिहा, असले ठोकळे कोणी घरात आणू नका म्हणून." मी लिहितो आहे, पण त्यांच्या म्हणण्याच्या उलट.

हे खेळणे मूळचे डेन्मार्कचे. बिलुंड नावाच्या गावात ओले कर्क क्रिस्टियानसेन हे एक सुतार होते. मंदीच्या काळात, १९३२ मध्ये, त्यांनी लाकडी खेळणी करायला घेतली. पुढे तिथेच प्लॅस्टिकचे ठोकळे होऊ लागले. वर बटणासारखे उंचवटे आणि आत पोकळ नळ्या असल्याने घट्ट बसणाऱ्या आजच्या ठोकळ्याच्या पेटंटसाठी २८ जानेवारी १९५८ रोजी अर्ज झाला. हाच लेगो. तेव्हाचा ठोकळा आजच्या ठोकळ्यात बरोबर बसतो. पुढे दातेरी चाके, आस, दांडे आले आणि चालत्या यंत्रांच्या प्रतिकृती होऊ लागल्या. २०१८ मध्ये बाजारात आलेल्या बुगाटी शिरॉन या मोटारीच्या संचात ३,५९९ तुकडे होते आणि त्यातील गिअर खरोखर बदलत असत. त्याच वर्षी कंपनीने ही मोटार दहा लाखांहून अधिक तुकड्यांतून पूर्ण आकारात उभारली. दीड टनाची ती मोटार आत माणूस बसवून ताशी वीस किलोमीटरच्या वर चालवूनही दाखवली. खेळातल्याच २,३०४ लहान मोटरी तिला ओढत होत्या! अशा मोठ्या संचांची किंमत मात्र आपल्याकडच्या सालदाराच्या कित्येक महिन्यांच्या मजुरीएवढी होते, त्यामुळे त्यांची नक्कल बाजारात येणारच.

पण तुकड्याला तुकडा जोडून गाडी करणे आपल्याला डेन्मार्ककडून शिकावे लागलेले नाही. माझ्या लहानपणी दादरची कापणी झाली की आम्ही धांडे गोळा करायचो. साल सोलून वेगळी आणि आतला पांढरा भेंड वेगळा. भेंडाचे तुकडे म्हणजे ठोकळे आणि सालीच्या चिरफळ्या म्हणजे खिळे. त्यातून बैलगाडी व्हायची, जू व्हायचे, जुनी चप्पल कापून चाके व्हायची. सालीने ओठ आणि बोटे कापत, त्याची तक्रार घरी सांगायची सोय नव्हती. पुण्यात टेल्कोमध्ये काम केलेले अभियंते अरविंद गुप्ता यांनी १९७८ च्या सुमारास मध्य प्रदेशातील होशंगाबादच्या शाळांसाठी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून असाच जोडखेळ तयार केला. काड्यांचा चौकोन बोटाने दाबला की कलंडतो, त्रिकोण कलंडत नाही. ट्रकचा सांगाडा आणि पुलाची कमान यांतील मूळ सूत्र पोराला दहा पैशांच्या सामानात कळते. गुप्ता यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या कामाचा परिचय आपल्या गावच्या शाळेत असेल, नसेल, एकदा विचारून पाहावे.

आता वैद्यकीय बाजू. माझ्याकडे अलीकडे आठ-नऊ वर्षांची अशी मुले येतात की त्यांना शर्टाचे वरचे बटण लावता येत नाही आणि अर्धे पान लिहिले की हात दुखतो. तपासून पाहावे तर हाताला काही झालेले नसते. मोबाइलच्या काचेवर एकच बोट सरकवून सरकवून अंगठ्याच्या बुडाचे स्नायू आणि बोटांची चिमूट यांना कामच मिळालेले नाही. ठोकळा बसवताना एक हात धरतो, दुसरा दाबतो, डोळे नकाशाकडे आणि हाताकडे आळीपाळीने जातात. नकाशाही चित्रांचाच, त्यात शब्द नसतात. कागदावरच्या सपाट चित्रावरून उभी वस्तू डोळ्यांपुढे आणावी लागते. आणि दहाव्या पायरीवर एक दांडा उलटा बसला तर पन्नासाव्या पायरीवर चाक फिरत नाही. मग उलगडत मागे जायचे. ही चूक कोणी लाल शाईने दाखवत नाही, ती मोटारच दाखवते. डॅनिएल लेगॉफ या मानसशास्त्रज्ञाने स्वमग्न मुलांसाठी या ठोकळ्यांचा गटात उपयोग केला आणि २००४ मध्ये त्याबद्दल लिहिले. एका मुलाने नकाशा वाचून सांगायचे, दुसऱ्याने तुकडा शोधून द्यायचा, तिसऱ्याने बसवायचा, आणि आळीपाळीने कामे बदलायची. न बोलणाऱ्या मुलालाही तिथे मागावे लागते आणि द्यावे लागते. अर्धांगातून सावरणाऱ्या एका सेवानिवृत्त गृहस्थांनाही मी नातवाचा डबा घेऊन बसायला सांगितले होते. रबरी चेंडू दाबण्याचा त्यांना कंटाळा आला होता, ठोकळ्यांचा आला नाही.

जाता जाता एक तक्रार. पुष्कळ घरी ही मोटार वडीलच बांधतात आणि शोकेसमध्ये काचेआड ठेवतात. पोराने हात लावला की ओरडा. अहो, मग पितळेचा हत्ती काय वाईट होता? मोडून पुन्हा वेगळी बांधली नाही तर चारशे तुकडे घेतले कशाला? आणि तीन-तीन तास मान खाली घालून बसणाऱ्या वडिलांच्या मानदुखीवर माझ्याकडे गोळी नाही. अर्ध्या तासाने उठून फिरावे, एवढेच.

धोका मात्र खरा आहे आणि तो धाकट्या भावंडाला आहे. तीन वर्षांखालील मूल जग तोंडाने तपासते, त्याच्या दाढा पूर्ण आलेल्या नसतात, श्वासनलिका अरुंद असते. खेळण्यांच्या तपासणीसाठी जगभर सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाचे एक नळकांडे वापरतात. त्यात जो तुकडा पूर्ण मावतो तो तीन वर्षांखालील मुलासाठी निषिद्ध. जुन्या कॅमेऱ्याच्या फिल्मची डबी साधारण तेवढीच असते, घरी असेल तर जपून ठेवा. आपल्या देशात १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर ISI खूण सक्तीची आहे. परंतु चारशे तुकड्यांची मोटार कितीही खुणांची असली तरी अडीच वर्षांच्या मुलापुढे ती पसरू नये. थोरल्याने पलंगावर किंवा दार लावलेल्या खोलीत, जुनी चादर अंथरून बांधावी. उठताना चादरीची चारी टोके उचलावीत आणि तुकडे डब्यात जावेत. रिमोटच्या गाड्यांतील चपटा गोल सेल याहून वाईट. तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आत भाजते, तिथे उद्याची वाट पाहायची नसते.

पोटात गेलेला लहान ठोकळा सहसा आपल्या वाटेने बाहेर पडतो. सहा बालरोगतज्ज्ञांनी लेगोच्या बाहुल्यांची डोकी स्वतः गिळून हे तपासले आणि त्याचा वृत्तान्त २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. सरासरी १.७१ दिवसांत ती बाहेर आली, एकाला मात्र आपले डोके शेवटपर्यंत सापडले नाही. श्वासनलिकेत गेलेल्या तुकड्याला अशी पुढची वाट नसते. आपल्या भागात असा अडकणारा पदार्थ बहुधा शेंगदाणा असतो, त्याखालोखाल हरभरा, सीताफळाची बी. म्हणून शेंगदाणे घरातून हद्दपार केल्याचे मी ऐकलेले नाही.

ठसका लागलेले मूल जोरात खोकत असेल, रडत असेल, तर त्याला खोकू द्या. आवाज निघत नसेल, ओठ निळे पडत असतील तर वर्षावरील मुलाला पुढे वाकवून दोन खवाट्यांच्या मध्ये तळहाताने पाच ठोके द्या. तेवढ्याने भागले नाही तर पाठीमागून हात घालून, बेंबीच्या वर मूठ ठेवून आत आणि वरच्या दिशेने पाच वेळा दाबा. हे आळीपाळीने करत राहा. वर्षाखालील बाळाला हातावर पालथे, डोके खाली करून पाच ठोके, मग उताणे करून छातीच्या मध्यावर दोन बोटांनी पाच वेळा दाब. बाळाचे पोट कधीही दाबू नये. दुसऱ्याने तोवर १०८ ला फोन करावा. तोंडात आंधळेपणाने बोट घालू नका, तुकडा आणखी आत जातो. आणि केळे भरवू नका. आपल्या जिल्ह्यात प्रत्येक अडलेल्या गोष्टीवर केळे हा उपाय आहे, पण ते अन्ननलिकेत जाते, अडलेली असते श्वासनलिका.

आणि सर्वांत फसवी वेळ ही त्यानंतरची. ठसका थांबतो, मूल हसते-खेळते, घरातले विसरतात. चार-आठ दिवसांनी खोकला सुरू होतो तेव्हा त्याचा भाऊबीजेशी संबंध कोणी जोडत नाही. डॉक्टरही जोडत नाही, हे मी वर कबूल केलेच आहे. म्हणून आठवत असेल तर न विचारता सांगा. औषधाने हटत नाही असा खोकला, एकाच बाजूची घरघर, आणि मागे कधी तरी लागलेला ठसका, एवढे पुरे. एक्स-रे चांगला आला म्हणून समाधान मानू नका.

त्या घरात आणखी एक रुग्ण होता. धाकटा बरा झाल्यावर महिनाभराने आई थोरल्याला घेऊन आली. जेवत नाही, भावाजवळ जात नाही. बराच वेळ तो काही बोलला नाही, मग म्हणाला, "माझ्यामुळे झालं ना?" वडिलांनी रागात पोते उचलले त्यातून त्याने हाच अर्थ काढला होता. मी त्याला सरळ सांगितले की घरात एकट्या तुला तुकड्यांचा हिशेब माहीत होता, बाकी आम्हा चौघा मोठ्यांना नव्हता, आणि मी तर डॉक्टर आहे. त्याला हे पटायला थोडा वेळ लागला. वडिलांनाही बोलावून घेतले आणि त्याच्यासमोर बोललो. वडील म्हणाले, पण ते पोते तर भंगारवाल्याकडे गेले असणार. गेले नव्हते. आजीने ते धान्याच्या कोठीमागे दडवून ठेवले होते.

आता तो माडीवर दार लावून बांधतो. डब्याच्या झाकणावर आतून त्याने पेन्सिलीने प्रत्येक जातीच्या तुकड्यांचे आकडे लिहिले आहेत. खाली "दिवे" असे लिहून पुढे "एक कमी" अशी नोंद आहे. तो दिवा आईला घरात नको होता. तो माझ्या टेबलाच्या खणात एका बाटलीत आहे, आणि खोकणारे लहान मूल आले की हल्ली मी आधी तीच बाटली बाहेर काढतो.