घड्याळ तिथलं, चंद्र तोच

रमजानात मराठवाड्यातल्या जवळा बाजारला मगरीबची, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजेची वेळ कुणाला विचारावी लागत नाही. अजान होते, हातात खजूर येतो, शेजारचा हिंदू दुकानदारही गिऱ्हाइकाला दोन मिनिटं थांबवतो. लंडनमध्ये मात्र जूनअखेर सूर्य मावळतो रात्री सव्वानऊनंतर. हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा लहान, म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०१६ साली तो ऐन जूनमध्ये आला. अठराएक तासांचा रोजा, आणि भोवतालच्या घड्याळाला त्याची खबरही नाही.

आता आपल्या मराठवाड्यातली मुसलमान मुलंमुलीही शिक्षणासाठी, नोकरीसाठी परदेशी निघाली आहेत. म्हणून हा अंक. त्यांच्या इमानाचा प्रश्न मथळ्यांत मांडला जातो, तेव्हा तो फक्त पेहरावाचा किंवा संशयाचा होतो. आम्हाला तो रोजच्या जगण्यात पाहायचा आहे: शुक्रवारी दुपारी जुम्यासाठी सुट्टी मागताना, व्याजाशिवाय घर घेता येईल का याचा हिशेब करताना. तसं पाहिलं तर इंग्लंडमधल्या वोकिंगची शाहजहान मशीद १८८९ची, भोपाळच्या बेगमेच्या देणगीतून उभी राहिलेली. कोकणी मुसलमान केपटाउनला पोचले तेही एकोणिसाव्या शतकात. म्हणजे ही वाट नवी नाही. इतकी माणसं आधी चालून गेली, त्यांचे अनुभव मराठीत फारच थोडे आले, याची आम्हाला खंत वाटते.

तुमच्या घरातलं कुणी तिकडे असेल, तर पहिल्या परदेशी ईदची हकिकत आम्हाला लिहून पाठवा. नमाज कुठे झाली, शीरखुर्मा कुणी केला, आणि फोनवर अम्मीला काय सांगितलं?