गृहीत धरलेला गड

टेक्सासच्या स्टार काउंटीतील मतदाराने डेमोक्रॅटिक पक्षाला दगा दिला, हा सूर आम्हाला साफ अमान्य आहे. हक्काचा म्हणून ज्याला पिढ्यानपिढ्या गृहीत धरले, त्याने २०२४ मध्ये आपला हक्क बजावला, एवढेच.

रिओ ग्रांदेकाठच्या या काउंटीने १८९२ नंतर प्रथमच अध्यक्षपदाच्या रिपब्लिकन उमेदवाराच्या पारड्यात मते टाकली. गड मात्र एका रात्रीत पडलेला नाही. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना ७९ टक्के, २०२० मध्ये जो बायडेन यांना जेमतेम ५२ आणि मग डोनाल्ड ट्रम्प यांना सुमारे ५८. मधल्या आकड्यानेही ज्यांची झोप उडाली नाही, त्यांनी आता मतदाराला बोल लावू नये. हिस्पॅनिक वस्ती म्हणजे आपलीच मते, हा हिशेबच आळशी होता.

आम्हाला महत्त्वाचा वाटतो तो या निकालाचा काउंटीतील स्थानिक पदांवरचा परिणाम. एका खुणेत अख्ख्या पक्षाला मत देण्याची सोय टेक्सासने २०२० पासून बंद केली. प्रत्येक पदासमोर आता स्वतंत्र खूण करावी लागते. म्हणजे निवड करायला मतदार मोकळा आहे. पण काउंटीतील पदांचा फैसला मार्चमधल्या डेमोक्रॅटिक प्राथमिक फेरीतच उरकायचा आणि नोव्हेंबरात नुसता उपचार पाळायचा, ही जुनी रीत असेल तर त्या मोकळिकीचा उपयोग काय?

तेव्हा शेरीफपासून काउंटी न्यायाधीशापर्यंत प्रत्येक पदासाठी दोन्ही पक्षांनी नोव्हेंबरात उमेदवार उभे केलेच पाहिजेत. रिपब्लिकनांनीही हुरळून जाऊ नये: सव्वाशे वर्षांची सवय मोडणारा मतदार चार वर्षांची सवय सहज मोडेल.